काळ्या मातीत पिवळी पडणारी शोभेची झाडं: पान वाचायचं कसं, खत द्यायचं केव्हा

नर्सरीतून हिरवागार आणलेला एक्झोरा इंदुरात दोन-अडीच महिन्यांत शेंड्याकडून पिवळा पडायला लागतो. मग शेणखत पडतं, मग डीएपीचे दाणे पडतात, मग कुणीतरी सांगितलेले गंजके खिळे कुंडीत खोचले जातात, आणि झाड आणखीच पिवळं होतं. अनंत, जास्वंद, मोगरा, अरेका पाम, सायकस, सगळ्यांची थोड्याफार फरकाने हीच गत.

यातली बहुतेक झाडं खत कमी पडलं म्हणून आजारी नसतात. माळव्याची काळी माती बेसाल्टपासून झालेली आहे, तिच्यात लोह भरपूर आहे. पण तिच्यात चुनखडीही आहे. सामू (पीएच) साडेसातपासून साडेआठपर्यंत जातो, आणि एवढ्या सामूला लोह, मंगल (मँगनीज) आणि जस्त अशा रूपात अडकून बसतात की मुळांना ते उचलता येत नाहीत. गंजका खिळा म्हणजे त्याच अडकलेल्या लोहात आणखी भर. म्हणून इथे तपासायचा क्रम ठरवून घ्या: आधी पान, मग मूळ, मग पाणी, मग माती. खताची पिशवी सगळ्यात शेवटी उघडायची.

पिवळं पान नवं की जुनं?

हा एकच प्रश्न निम्मं निदान करून देतो. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या अंगात फिरती असतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून शेंड्याला पुरवतं, त्यामुळे खालची पानं आधी खराब होतात. लोह, मंगल, जस्त, बोरॉन आणि कॅल्शियम एकदा पानात गेले की सहसा हलत नाहीत. ते कमी पडले की त्रास थेट नव्या पालवीत दिसतो. गंधक मधला आहे, पण बहुधा तोही वरच्या पानांतच दिसतो.

तेव्हा झाडाची एक फांदी हातात धरा आणि शेंड्यापासून खाली पानं मोजत जा. पहिली चार पिवळी आणि खालची हिरवी असतील तर लोह-मंगल-जस्ताच्या बाजूने विचार करा. वरची हिरवी आणि खालची पिवळी असतील तर नत्र, पालाश किंवा मॅग्नेशियम. सगळंच झाड एकसारखं फिकट असेल तर बहुतेक वेळा नत्र, किंवा मुळंच सडलेली.

दुसरी पाहणी शिरांची. पान उजेडासमोर धरा. शिरा गडद हिरव्या आणि मधला भाग पिवळा, अगदी जाळीसारखा, असं शेंड्याच्या पानांत दिसलं तर लोह. मंगलाचं चित्रही असंच, पण शिरांच्या कडेला हिरवी पट्टी जरा रुंद राहते आणि मधे बारीक करडे ठिपके येतात. जुन्या पानात कडा पिवळ्या आणि देठाकडे बाणाच्या टोकासारखा हिरवा त्रिकोण उरलेला दिसला तर मॅग्नेशियम. जुन्या पानाची कडा टोकापासून तपकिरी करपत आत येत असेल तर पालाश. शिरांसकट सगळं जुनं पान एकसारखं पिवळं होऊन गळत असेल तर नत्र.

आधी खोटे पुरावे बाजूला काढा

खताच्या नावावर खपणारे कितीतरी आजार खताचे नसतात. मार्च ते जूनमध्ये पानाच्या खालच्या बाजूला लाल कोळी बसतो. पान वरून बारीक ठिपक्यांनी फिकट दिसतं. पांढऱ्या कागदावर पान झटका; ठिपके चालायला लागले तर ते कोळी आहेत, खताची कमतरता नाही. जास्वंदीचा शेंडा गोळा होऊन आखडला तर बोरॉनआधी पिठ्या ढेकूण शोधा. पान उलगडलं की आत पांढरा कापूस सापडतो. जास्वंदीच्या पानावर शिरांशी काही संबंध नसलेले पिवळे धब्बे असतील तर ते विषाणूचं काम असू शकतं. त्या झाडाची कलमं वाटू नका.

एक फसवणूक विशेष सांगण्यासारखी आहे. तणनाशक मारलेला पंप नीट न धुता त्यातच सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी केली, तर पंधरा-वीस दिवसांनी शेंड्याला अरुंद, दाटीवाटीची, झाडूसारखी पानं फुटतात. जस्त कमी पडल्यावरही जवळपास असंच दिसतं. मग लोक आणखी जस्त मारतात. त्यासाठी बागेचा पंप वेगळाच ठेवा.

आणि कुंडी उपटून मुळं बघायला लाजू नका. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट पिवळसर आणि घट्ट असतं. तपकिरी, बोटात धरताच साल निघणारं, आंबूस वासाचं मूळ दिसलं तर कुठलंही खत काम करणार नाही. तिथे आधी पाणी कमी करायचं आणि निचरा सुधारायचा. इंदुरातल्या नर्सऱ्यांत बरीच झाडं आंध्र प्रदेशातलं कडियम, पुणे किंवा कोलकाता इथून येतात. कडियमच्या झाडांभोवती लाल चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो गोळा तसाच काळ्या मातीत ठेवला की दोन्ही माती वेगवेगळ्या वाळतात, मुळं गोळ्याबाहेर येत नाहीत, आणि झाड ओल्या कुंडीतही तहानलेलं राहतं. लावताना गोळा तासभर पाण्यात भिजवा आणि बाहेरची एक-तृतीयांश माती हलक्या हाताने सोडवा. हे काम पावसाळ्यात करा, मे महिन्यात नको.

लोह: इंदुरातला नंबर एकचा आजार

एक्झोरा आणि अनंत ही आम्लधर्मी मातीतली झाडं. त्यांना सामू साडेपाच ते साडेसहा लागतो. जास्वंद आणि मोगरा थोडं जास्त सोसतात, पण बोअरच्या पाण्यावर तेही हरतात. नवं पान आधी जाळीदार पिवळं, मग जवळजवळ पांढरं, मग कडेने जळलेलं, आणि शेवटी शेंडाच मरतो.

मातीत चुनखडी आहे का ते घरातच कळतं. बागेतली मूठभर माती उन्हात वाळवून बारीक करा, बशीत घ्या आणि तिच्यावर चमचाभर पांढरं व्हिनेगर टाका. कान जवळ न्या. बुडबुडे आले किंवा नुसता फसफस आवाज आला तरी मोकळा चुना आहे असं समजा. वाळूचीही हीच परीक्षा करा, कारण काही वाळूत शिंपल्यांचे तुकडे असतात. आणि कंपाउंडच्या भिंतीलगतची माती नक्की तपासा. गिलाव्याचा, सिमेंटचा चुरा तिथे वर्षानुवर्षं मिसळत असतो. एकाच बागेतली मधली जास्वंद हिरवी आणि भिंतीजवळची पिवळी असेल तर कारण बहुधा हेच.

लोहच कमी आहे की मंगल किंवा जस्त, याची खात्री करायला पानं रंगवून बघण्यासारखी स्वस्त चाचणी दुसरी नाही. तीन वेगवेगळी पाणी करा: एक लिटरमध्ये हिराकस (फेरस सल्फेट) ५ ग्रॅम, एक लिटरमध्ये मँगनीज सल्फेट ३ ग्रॅम, एक लिटरमध्ये झिंक सल्फेट ३ ग्रॅम. प्रत्येकात शाम्पूचे दोन थेंब टाका, म्हणजे पाणी पानावर पसरेल. एकाच झाडाची चार तरणी पिवळी पानं निवडा, पूर्ण उघडलेली पण करपलेली नाहीत अशी. तीन पानांना ब्रशने एकेक पाणी दोन्ही बाजूंनी लावा, चौथ्याला नुसतं शाम्पूचं पाणी. देठांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधा आणि कोणता रंग कशाचा ते लिहून ठेवा. काम संध्याकाळी करा. सात ते दहा दिवसांत ज्या पानावर हिरवे ठिपके उमटतील ते अन्नद्रव्य कमी आहे. हिराकसाचे ठिपके सुरुवातीला पावसाच्या शिंतोड्यांसारखे दिसतात: जिथे थेंब टिकला तेवढंच हिरवं, बाकी पान पिवळंच. हिराकस फिकट हिरवा, काचेसारख्या खड्यांचा घ्या. तपकिरी पूड झालेला हिराकस म्हणजे हवेने बिघडलेला माल, तो घेऊ नका.

चाचणी लोहाची निघाली की उपाय दोन पातळ्यांवर करायचा. तात्पुरता उपाय पानावर: लिटरभर पाण्यात हिराकस ३ ग्रॅम आणि लिंबूसत, म्हणजे किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड, १ ग्रॅम. आधी लिंबूसत विरघळवा, मग हिराकस. लिंबूसतामुळे लोह पाण्यात टिकून राहतं, नाहीतर बोअरच्या कडक पाण्यात तासाभरात ते गढूळ नारिंगी होतं आणि तळाशी बसतं. दर १० ते १२ दिवसांनी, तीन वेळा. ५ ग्रॅमच्या वर गेलात तर कोवळी पानं काळपट डागांनी करपतात. फुलांवर आणि फरशीवर उडू देऊ नका. कोटा स्टोनवरचा हिराकसाचा गंजका डाग जन्मभर राहतो.

टिकाऊ उपाय मुळाशी, आणि इथेच दुकानात फसगत होते. 'चिलेटेड लोह' (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह) या नावाने तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. ईडीटीए प्रकारचं लोह साडेसहा सामूच्या वर मातीत टिकत नाही. डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत चालतं. काळ्या चुनखडीच्या मातीत फक्त ईडीडीएचए कामाचं. ते गडद लालसर-तपकिरी दाण्यांचं असतं आणि पाणी रक्तासारखं लाल करतं. पाकिटावर ऑर्थो-ऑर्थो टक्केवारी लिहिलेली असेल तर जास्त आकडा असलेलं घ्या, ते मातीत जास्त टिकतं. इंदुरातल्या छावणी भागातल्या खत-बियाण्यांच्या दुकानांत नुसतं 'आयर्न द्या' म्हटलं तर ईडीटीएच हातात पडण्याची शक्यता जास्त, म्हणून नाव लिहून न्या. १० इंची कुंडीला १ ग्रॅम एक लिटर पाण्यातून. १४ इंचीला २ ते ३ ग्रॅम. जमिनीतल्या मोठ्या जास्वंदीला १५ ते २० ग्रॅम दहा लिटरमधून, फांद्यांच्या घेराखाली गोल ओतायचं. ऊन उतरल्यावर ओता, कारण उजेडात ते फुटतं, आणि वरून अर्धा मग साधं पाणी घाला. ईडीटीए वाया गेलं असं नाही. पानावर फवारायला ते चांगलं, लिटरला अर्धा ग्रॅम.

'गंधक टाकून सामू खाली आणा' हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. त्याचा हिशेब एकदा करून बघा. एक किलो चुना मारायला ३२० ग्रॅम गंधक लागतं. १० किलो मातीच्या कुंडीत ५ टक्के चुनखडी असेल तर अर्धा किलो चुना झाला, म्हणजे १६० ग्रॅम गंधक. एवढं एका कुंडीत टाकलं तर झाड जळेल. आणि चमचाभर टाकलं तर ते चुन्यातच जिरेल. शिवाय गंधकाचं आम्ल जिवाणू करतात, त्याला महिने लागतात. व्हिनेगर फसफसलं की गंधकाचा नाद सोडा आणि कुंडीचं मिश्रणच बदला.

मिश्रण असं: धुतलेलं कोकोपीट २ भाग, लाल माती १ भाग, पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत १ भाग, पर्लाइट किंवा व्हिनेगरला न फसफसणारी जाडी वाळू अर्धा भाग. काळी माती यात अजिबात नको. कोकोपीट मात्र तसंच वापरू नका. त्यात पालाश आणि सोडियम आधीच भरलेलं असतं, आणि ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं. ५ किलोच्या विटेला २५ लिटर पाण्यात १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून २४ तास भिजवा, मग दोनदा साध्या पाण्याने धुऊन पिळून घ्या. हे केलं नाही तर कोकोपीटमधल्या ॲग्लोनेमा आणि अँथुरियमच्या नव्या पानांची टोकं जळतात. आपल्याकडे कॅल्शियमची कमतरता दिसण्याची ही जवळपास एकमेव जागा; काळ्या मातीत कॅल्शियम उतू जात असतं. म्हणून अंड्याची टरफलं कुंडीत चुरणं हे इंदुरात उलट्या दिशेचं काम. चुलीची आणि होळीची राखही तशीच: सामू आणखी वर.

ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत होते आणि कंपोस्टची 'इंदूर पद्धत' तिथेच घडली. त्या पद्धतीत थरांवर मातीबरोबर लाकडाची राखही टाकतात, ढिगातली आम्लता मारण्यासाठी. शेतासाठी ते बरोबर. एक्झोरा-अनंताच्या कुंडीसाठी खत करत असाल तर ढिगातली राख वगळा.

पाण्यातून रोज थोडा चुना

मिश्रण कितीही चांगलं केलं तरी बोअरच्या पाण्याने वर्षभरात ते बिघडतं. कुंडीच्या काठावर पांढरी पापडी, पाइपच्या तोंडाला खडा, गिझरच्या कॉइलवर थर, अशा खुणा असतील तर पाण्यात बायकार्बोनेट बरंच आहे. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी सहसा त्यापेक्षा सौम्य असतं. घरी दोन्ही पाणी येत असतील तर नर्मदेचं कुंड्यांना आणि बोअरचं अंगणातल्या काटक झाडांना, अशी विभागणी करा. बोगनवेल, चाफा, कण्हेर बोअरवर तक्रार करत नाहीत.

फक्त बोअर असेल तर पाणी आंबट करून द्या. १५ लिटरच्या बादलीत लिंबूसत ३ ते ४ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा. ढवळून अर्ध्या तासाने सामूपट्टीने बघा, ६ ते साडेसहा हवा. पाणी फार कडक असेल तर थोडं वाढवा, पण साडेपाचच्या खाली नेऊ नका. एक्झोरा, अनंत आणि अँथुरियमला आठवड्यातून दोनदा असं पाणी पुरतं. रोज, प्रत्येक झाडाला द्यायची गरज नाही.

एसीतून गळणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं. फवारणीचं औषध कालवायला ते उत्तम. पावसाळ्यात छतावरचं पाणी, पहिल्या एक-दोन सरी सोडून, पिंपात भरून ठेवा. आरओच्या बाजूच्या नळीतून जाणारं टाकाऊ पाणी मात्र कुंड्यांना घालू नका. मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. 'वाया कशाला घालवायचं' या चांगल्या विचाराने कितीतरी ड्रसीनांची आणि अरेकांची टोकं जळालेली आहेत. पापडी दिसली की कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून तळातून वाहू द्या, तीन महिन्यांतून एकदा.

पाम आणि सायकस: इथे कात्री थांबवा

पामचा हिशेब बाकी झाडांपेक्षा वेगळा आहे. अरेकाच्या खालच्या झावळ्यांवर उजेडासमोर धरल्यावर पिवळे-नारिंगी, किंचित पारदर्शक ठिपके दिसले आणि टोकं करपत असतील, तर पालाश कमी आहे. खालच्या झावळीच्या पातींना बाहेरून रुंद लिंबूपिवळी पट्टी आणि मध्यशिरेजवळ ठळक हिरवा भाग असेल तर मॅग्नेशियम. पालाशात टोक सगळ्यात खराब आणि झावळीचं बूड बरं. मॅग्नेशियमात टोक सहसा करपत नाही.

माळी आला की या पिवळ्या झावळ्या पहिल्यांदा उतरवतो. झाड नीटनेटकं दिसतं, आणि घाव बसतो. पाम त्या म्हाताऱ्या झावळीतला पालाश काढूनच नवी झावळी पोसत असतो. ती कापली की तो पुढच्या झावळीतून ओढायला लागतो, आणि पिवळेपणा एक पायरी वर चढतो. असं करत करत शेवटी शेंड्यावर तीन-चार झावळ्याच उरतात. पूर्ण तपकिरी, वाळलेली झावळीच कापा. अर्धी हिरवी आहे तोवर तिला हात नको, शोभा गेली तरी चालेल.

१२ ते १४ इंची कुंडीतल्या अरेकाला मार्च ते सप्टेंबर, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा सोडून, दर महिन्याला सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजे ००:००:५०, ५ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट ५ ग्रॅम, मातीवर पसरून, वरून भरपूर पाणी. दोन्ही बरोबर द्या. नुसता पालाश वाढवला की तो मॅग्नेशियमला अडवतो आणि महिन्याभरात दुसरी कमतरता उभी राहते. स्वस्त मिळतं म्हणून म्युरेट ऑफ पोटॅश कुंडीत नको, त्यातल्या क्लोराइडने टोकं जळतात. ठिपके पडलेल्या झावळ्या हिरव्या होत नाहीत. नव्या स्वच्छ येऊ लागल्या की उपाय लागू पडला. मोठ्या पामला सगळी पालवी बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

सायकसचं दुखणं उलट टोकाला असतं. वर्षातून एकदा नवा झुबका येतो, आणि तोच फिकट, आखडलेला, टोकाशी जळून कुरळा झालेला निघाला तर मंगल कमी आहे. इंदुरातल्या बंगल्यांच्या दारातले निम्मे सायकस असे दिसतात, आणि लोकांना ते उन्हाने झालं असं वाटतं. त्या झुबक्याचं काही होत नाही, पण पुढचा वाचवता येतो. कोंब वर सरकायला लागल्याबरोबर मँगनीज सल्फेट २ ग्रॅम लिटरला, दर १० दिवसांनी तीन फवारण्या. मातीत टाकलेलं मंगल चुनखडीत लगेच अडकतं, तरी बुंध्याशी ३० ते ५० ग्रॅम वर्षातून दोनदा टाकायला हरकत नाही.

उरलेले, थोडक्यात

नत्राची कमतरता जुलै-ऑगस्टमध्ये येते, झडीच्या पावसाने कुंड्या धुऊन निघतात म्हणून. मनीप्लांट, क्रोटन, कर्दळ खालून पिवळी पडतात. अमोनियम सल्फेट लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, दोन-तीन वेळा. त्यात २०.५ टक्के नत्र आणि २४ टक्के गंधक असतं आणि मुळाजवळ ते किंचित आम्लता आणतं, म्हणून काळ्या मातीत युरियापेक्षा हेच बरं. नव्या पानांचा एकसारखा फिकटपणा, म्हणजे गंधकाची कमतरता, यानेच भरून निघतो.

स्फुरद कमी पडल्याचं घरगुती बागेत क्वचितच दिसतं. जास्त झाल्याचं रोज दिसतं. 'फुलांसाठी' म्हणून दर महिन्याला डीएपी आणि हाडांचं खत टाकलेल्या कुंडीत स्फुरद साचतो आणि लोह-जस्त आणखी अडवतो. हाडांचं खत तर आठच्या सामूला विरघळतही नाही. हिवाळ्यात पानं जांभळट झाली म्हणून स्फुरद देऊ नका, ते थंडीने होतं.

जस्ताची कमतरता म्हणजे शेंड्याला लहान, अरुंद पानं आणि पेरं जवळजवळ. पानांचा गुच्छ झाल्यासारखा. मोगऱ्यावर आणि जास्वंदीवर बघायला मिळते. दुकानात झिंक सल्फेट दोन प्रकारचं असतं, २१ टक्के आणि ३३ टक्के. २१ टक्क्यांचं लिटरला ३ ग्रॅम, ३३ टक्क्यांचं २ ग्रॅम, दोन फवारण्या.

बोरॉनशी जपून. शेंडा मरणं, नवं पान सुरकुतलेलं, जाड आणि ठिसूळ, कळी फुलण्याआधी काळी पडणं ही लक्षणं. टाकणखार (बोरॅक्स) लिटरला १ ग्रॅम, पानांवर, एकदाच. दुसरी फवारणी महिन्यानंतर आणि तीही लक्षणं नवीन पानात टिकली तरच. कमी आणि जास्त यांच्यातलं अंतर इतकं थोडं आहे की 'थोडं जास्त टाकलं तर काय होतं' हा प्रयोग इथे करू नये. कडा पिवळ्या होऊन जळतात आणि मातीतून बोरॉन काढणं कठीण.

कालवणं आणि फवारणं

कॅल्शियम नायट्रेट कशातच मिसळू नका. सल्फेटबरोबर त्याचा जिप्सम होतो आणि स्फुरदाबरोबर दगड. हिराकस आणि १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) एका बादलीत टाकले की लोह आणि स्फुरद एकमेकांना धरून खाली बसतात; पाणी दुधाळ झालं तर ओतून द्या. लोह, मंगल, जस्त एकत्र चालतात, पण तीन्हींची मात्रा निम्मी करा. कडक पाण्यात फवारणी करू नका.

वेळ सकाळी नऊच्या आत किंवा ऊन गेल्यावर. एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीच्या आसपास असतो, तेव्हा पडलेला थेंब पानावर वाळून मिठासारखा चटका देतो. पानाच्या खालच्या बाजूवर मारा, रंध्रं बहुतेक तिथे असतात. आदल्या दिवशी झाडाला पाणी दिलेलं असू द्या. एक्झोरा आणि क्रोटनच्या मेणचट पानांवर थेंब घसरतात, तिथे लिटरला शाम्पूचे चार थेंब किंवा दुकानातलं स्टिकर (फवारा पानाला धरून ठेवणारं द्रव). अँथुरियमच्या फुलांवर आणि कुठल्याही झाडाच्या केसाळ पानांवर फवारू नका, डाग पडतात.

माती तपासून घ्यायची असेल तर सहा इंच खोल, व्ही आकाराचा खड्डा पाच ठिकाणी काढून कापाची माती घ्या, मिसळा, सावलीत वाळवा, अर्धा किलो प्लास्टिकच्या पिशवीत भरा. जस्ताची कल्हई केलेली बादली किंवा गंजकी खुरपी वापरली तर जस्त आणि लोहाचे आकडे खोटे येतात. अहवालात उपलब्ध जस्त ०.६, लोह ४.५, मंगल २ पीपीएमच्या खाली असेल तर कमी समजा. मात्र लोह पुरेसं लिहिलेलं असूनही एक्झोरा पिवळा राहू शकतो. आकडा मातीतल्या साठ्याचा असतो. सामू आणि चुनखडीची ओळ त्याच्या शेजारी वाचा.

वर्षाची बेरीज-वजाबाकी

फेब्रुवारीअखेर नवी पालवी फुटते तेव्हा ईडीडीएचएचा पहिला हात. मार्च-एप्रिलमध्ये १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम, आठवड्याला एकदा. दोन ग्रॅम पंधरा दिवसांनी देण्यापेक्षा हे चांगलं. मे आणि जूनचा पहिला पंधरवडा खत बंद, फक्त पाणी आणि सावली. मुळं तेव्हा तापलेल्या कुंडीत कशीबशी तगून असतात. पाऊस लागला की निचऱ्याची भोकं मोकळी आहेत का ते बघा. पाणी साचलेल्या काळ्या मातीत हवा संपते आणि आठवड्याभरात शेंडे पिवळे होतात. ते लोहाचंच चित्र, पण त्याला औषध आहे कुंडी तिरकी करून पाणी काढणं. सप्टेंबरमध्ये ईडीडीएचएचा दुसरा हात, पामला पालाशाचा शेवटचा.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरला की उष्ण प्रदेशातली झाडं मुळांनी खाणं जवळपास थांबवतात. पानं फिकट होतात, अरेकाला तपकिरी डाग येतात, क्रोटन पानं टाकतो. या दोन महिन्यांत मुळाशी काहीही देऊ नका, पाणीसुद्धा सकाळी दहानंतर आणि निम्मं. त्या वेळी दिलेलं खत मातीतच पडून राहतं आणि फेब्रुवारीत एकदम मीठ होऊन भेटतं.

उपाय लागू पडला की नाही ते जुन्या पिवळ्या पानावर ठरवू नका. उपाय केला त्या दिवशी सगळ्यात वरच्या उघडलेल्या पानाच्या देठाला दोरा बांधा. एक्झोरा-जास्वंदीत तीन आठवड्यांनी दोऱ्याच्या वरचं दुसरं किंवा तिसरं पान उजेडासमोर धरून बघायचं.